ऐकणाऱ्याचं काय?

श्रोतेहो, नमस्कार.

जाहीर बोलण्यातला धोका म्हटलं की बोलणाऱ्याची झालेली फजिती आधी आठवते. जेराल्ड रॅटनर हे ब्रिटनमधल्या दागिन्यांच्या मोठ्या दुकानसाखळीचे प्रमुख. एप्रिल १९९१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उद्योजकांपुढे ते बोलून गेले, की आमची एक वस्तू इतकी स्वस्त मिळते, कारण ती अगदीच टाकाऊ आहे. सभागृह हसलं. पण ते वाक्य वर्तमानपत्रांत छापून आलं आणि गिऱ्हाइकांनी वाचलं. कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ५० कोटी पौंडांनी घसरलं आणि पुढच्या वर्षी रॅटनर यांना पद सोडावं लागलं.

बोलणाऱ्याचं पद जातं, बदनामीचा खटला उभा राहतो, हे सगळं खरंच. मला मात्र ऐकणाऱ्याची काळजी जास्त वाटते. चोरी झाल्यावर चार लोकांत कुणी नुसत्या संशयावरून एखाद्याचं नाव घेतं. खरा चोर सापडतो तोवर त्या माणसाच्या मुलांशी कुणी खेळेनासं झालेलं असतं. नाव सगळीकडे पोचलेलं असतं, दुरुस्ती मात्र निम्म्यांच्याही कानावर जात नाही.

इटलीतल्या लाक्विला शहरात २००९ च्या सुरुवातीला महिनोन् महिने भूकंपाचे लहान लहान धक्के बसत होते. मोठा धक्का बसला की घराबाहेर पडायचं आणि रात्र उघड्यावर काढायची, ही तिथल्या अनेक घरांतली जुनी रीत. ३१ मार्चला तज्ज्ञांची बैठक भरली. त्या सुमारास नागरी संरक्षण विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने टीव्हीवर सांगितलं, की ऊर्जा थोडी थोडी बाहेर पडते आहे, तेव्हा धोका नाही. मग निवांत वाइन प्यावी का, असं विचारल्यावर त्याने हसून होकार दिला. विज्ञानाच्या दृष्टीने त्या दिलाशाला आधार नव्हता. छोटे धक्के बसले म्हणून मोठा टळतो, असं काही नसतं.

६ एप्रिलच्या पहाटे साडेतीनच्या सुमारास मोठा भूकंप झाला. तीनशेहून अधिक माणसं गेली. ‘एरवी आम्ही बाहेर पडलो असतो, त्या रात्री त्यांचं ऐकून घरातच थांबलो,’ अशा अर्थाच्या साक्षी नंतर न्यायालयात झाल्या. २०१२ मध्ये त्या बैठकीतले सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सात जणांना सहा वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात शास्त्रज्ञ निर्दोष सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा दोन वर्षांवर आली.

तेव्हा जगभरातले शास्त्रज्ञ म्हणाले, असे खटले भरलेत तर उद्या कुणी तोंडच उघडणार नाही. ही भीती मला रास्त वाटते. जाणकार गप्प बसले की मोकळं रान अफवांनाच मिळतं. पण बोलणं आणि गप्प बसणं, एवढे दोनच मार्ग त्या अधिकाऱ्यापुढे नव्हते. भूकंप कधी होईल हे कुणालाच सांगता येत नाही, हे त्याही वेळी सर्वमान्य होतं. तेवढंच सांगून, ‘तुमची रात्री बाहेर पडायची रीत आहे ना, ती मोडू नका,’ असं म्हणायला अर्धा मिनिटही लागलं नसतं.