अकरावीचा पसंतीक्रम कसा लावायचा, हरकत कशी घ्यायची | सातारा-सांगली

नमस्कार. सातारा-सांगलीत अकरावीचा प्रवेश २०२५ पासून केंद्रीय पद्धतीने, ऑनलाइन होतोय. त्याआधी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या भागांपुरतीच होती. आपल्याकडे कॉलेजात जाऊन फॉर्म भरायचा आणि यादी फळ्यावर लागायची. त्यामुळे घरातल्या मोठ्या भावाला विचारून फारसं काही कळणार नाही, त्याने हे केलेलंच नाही.

अर्जाच्या पहिल्या भागात तुमची माहिती. दुसऱ्यात पसंतीक्रम, कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त दहा कॉलेजं. सगळा घोळ इथे होतो.

पालक सारखं विचारतात, "वरचं कॉलेज पहिलं टाकलं आणि नाही लागलं, तर दुसरंही हातचं जाईल ना?" नाही जात. गुणवत्तेप्रमाणे एकेका विद्यार्थ्याची यादी वरून खाली बघितली जाते. पहिल्या ठिकाणी जागा नसेल, तर लगेच दुसरं. तिथे तुमचा नंबर गुणांवर आणि आरक्षणावर ठरतो. ते कॉलेज तुम्ही कितवं टाकलंय, याचा त्याच्याशी संबंध नाही.

समजा, तासगावची मुलगी आहे. ८४ टक्के, सायन्स. मनात सांगलीचं विलिंग्डन. पण शेजारचे म्हणाले, "तिथं कुठं लागतंय!" म्हणून तिने तासगावचं पहिलं टाकलं, विलिंग्डन दुसरं. तासगावचं लागलं. मग समजा कळलं, की विलिंग्डनची यादी ८३ ला थांबली. आता काय? पहिली पसंती लागली की प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर, आणि नियमित फेऱ्या संपल्यावरची 'सर्वांसाठी खुली' फेरी येईपर्यंत बसून राहायचं. गुण पुरेसे असून पोरीची जागा गेली, आणि ती शेजाऱ्यांच्या अंदाजापायी गेली. मला याचं फार वाईट वाटतं.

दुसरी ते दहावी पसंती लागली, तर मुभा आहे. हवं तर घ्या, नाहीतर पुढच्या फेरीत क्रम बदलून बघा.

म्हणजे पहिल्या ओळीत तेच कॉलेज, जिथे नंबर लागल्यावर लगेच जाऊन फी भराल. आणि जिथे जायचंच नाही, ते दहावंसुद्धा नको. जतच्या मुलाला सांगलीचं कॉलेज लागलं आणि राहायची सोय नसली, तर रोजची ये-जा झेपणारी नाही. प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं आणि शेवटची एसटी किती वाजता आहे, हे आधी विचारा. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण त्या वेळेला गाडी हवी ना!

एकच कॉलेज यादीत दोन-तीनदा दिसेल. एक तुकडी अनुदानित, दुसरी विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. कोड वेगळा, फी वेगळी, आणि फरक मोठा असतो. नाव बघून टिक करू नका, पूर्ण ओळ वाचा.

आता हरकत. आधी तात्पुरती गुणवत्ता यादी लागते आणि हरकतीला मोजकेच दिवस मिळतात. त्या दिवसांत लॉगिन उघडून गुण, प्रवर्ग आणि समांतर आरक्षण, म्हणजे प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, माजी सैनिक अशांसाठीच्या राखीव जागा, तपासा. पाटणकडे कोयनेचे प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्त आहेत, साताऱ्यात माजी सैनिकांची घरं गावोगावी आहेत. दाखला कपाटात आणि अर्जात तो रकाना रिकामा, असं होऊ देऊ नका.

हरकत लिहिताना "अन्याय झाला आहे, न्याय मिळावा" एवढंच लिहिलं, तर तपासणाऱ्याने करायचं काय? असं लिहा: "गुणपत्रिकेवर ४३२ गुण आहेत, यादीत ४२३ दिसतात. गुणपत्रिका जोडली आहे." बास. लॉगिनमधून पाठवा, स्क्रीनशॉट ठेवा, उत्तर नाही आलं तर मार्गदर्शन केंद्रावर जा. पेपर तपासण्याबद्दलच तक्रार असेल, तर तो मार्ग वेगळा. बोर्डाकडून उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यायची, मग पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. त्यासाठी प्रवेशाचा अर्ज अडवून ठेवू नका.

तुमचं गाव, शाखा, टक्के आणि मनातली कॉलेजं कमेंटमध्ये लिहा, क्रमाबद्दल मी उत्तर देईन. अर्ज क्रमांक आणि पासवर्ड मात्र तिथे टाकू नका.