एका गाईचं कर्ज

[दृश्य: जुनं चित्रीकरण. ट्रकांची लांब रांग. गुरांच्या हंबरण्याचा आवाज.]

१६ जून १९९८. दक्षिण कोरियातल्या सोलहून उत्तर कोरियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची रांग लागली आहे. ट्रकांत गुरं भरली आहेत, मोजून पाचशे. त्यांच्याबरोबर निघाले आहेत ८२ वर्षांचे चुंग जू-युंग, ह्युंदाई उद्योगसमूहाचे संस्थापक. आज आपल्याकडे गल्लोगल्ली ज्या ह्युंदाईच्या मोटारी उभ्या असतात, तीच ही ह्युंदाई.

चुंग जन्मले शेतकऱ्याच्या घरात, आज उत्तर कोरियात असलेल्या थोंगछन भागात. तरुणपणी गरिबीला कंटाळून ते घरातून पळाले, तेव्हा वडिलांनी गाय विकून आणलेले पैसे त्यांनी गुपचूप उचलले होते. पुढं सोलमध्ये नशीब उघडलं, पण देशाचे दोन तुकडे झाले आणि गाव सीमारेषेच्या पलीकडे गेलं. त्या एका गाईचं कर्ज आता हजार गुरांनी फेडायचं, असं म्हणून म्हातारा निघाला होता. ऑक्टोबरमध्ये आणखी ५०१ गुरं गेली. एकूण १००१.

हे चित्रीकरण मी किती वेळा पाहिलं असेल! दर वेळी मन एकाच गोष्टीशी अडतं. स्वतःच्या मुलखात गुरं न्यायला या माणसाला कुणाकुणाची परवानगी लागली? उत्तरेच्या सरकारची, दक्षिणेच्या सरकारची आणि संयुक्त राष्ट्र कमांडचीसुद्धा. सीमेवरच्या निर्लष्करी पट्ट्याचा दक्षिणेकडचा अर्धा भाग या कमांडच्या ताब्यात आहे, आणि कमांडचा प्रमुख असतो अमेरिकेचा जनरल.

ही तिसरी परवानगी मधे आली कुठून?

[दृश्य: कोरियाचा नकाशा. बोट हळूहळू खाली सरकतं.]

१९४५. ऑगस्टच्या १० तारखेची मध्यरात्र, वॉशिंग्टन. जपान आता शरण येणार हे उघड आहे. सोव्हिएत फौजा कोरियाच्या तोंडाशी आहेत, अमेरिकेची फौज मात्र अजून शेकडो मैल दूर, ओकिनावात. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील या दोन कर्नलांना सांगण्यात येतं, शेजारच्या खोलीत जा आणि कोरियात आपण कुठपर्यंत आणि रशियन कुठपर्यंत, ते ठरवून या. हाताशी नॅशनल जिओग्राफिकचा एक नकाशा. वेळ अर्धा तास. राजधानी सोल आपल्या वाट्याला यावी एवढं पाहून दोघं ३८व्या अक्षवृत्तावर बोट ठेवतात. मॉस्को काहीही खळखळ न करता मान्य करतं.

आपल्याकडे रॅडक्लिफला पाच आठवडे मिळाले होते, आणि त्या पाच आठवड्यांचं काय झालं ते पंजाबला आणि बंगालला विचारावं. इथं अर्धा तास. अक्षवृत्ताला ना डोंगर ठाऊक, ना ओढा. ते रस्ते, रूळ, शेतं, गावं कापत गेलं. एकाही कोरियन माणसाला कुणी विचारलं नाही.

युद्ध हरला होता जपान. तुकडे मात्र झाले ते जपाननं ३५ वर्षं टाचेखाली ठेवलेल्या देशाचे. कोरियन माणसाच्या मनातली ही सल आपण समजून घेतली नाही, तर पुढचं काहीच समजणार नाही.

आणि ही पहिली वेळ नव्हती. १८९४ मध्ये चीन आणि जपान लढले ते कोरियावरून. १९०४ मध्ये रशिया आणि जपान लढले, तेही कोरिया आणि मांचुरियावरून. १८८२ च्या तहात अमेरिकेनं कोरियाला अडचणीच्या वेळी मध्यस्थीचं वचन दिलं होतं, आणि राजा कोजोंग त्या वचनाला धरून बसला होता. पण जुलै १९०५ मध्ये टोकियोत अमेरिकेचे युद्धमंत्री टाफ्ट आणि जपानचे पंतप्रधान कात्सुरा यांचं बोलणं झालं: फिलिपिन्सकडे जपाननं पाहू नये, कोरियात जपानच्या मधे अमेरिकेनं येऊ नये. १९०७ मध्ये राजानं द हेगच्या परिषदेला तीन दूत पाठवले. त्यांना आत बसू दिलं नाही. १९१० मध्ये देशच जपानच्या नकाशात गेला.

आपल्याकडे म्हणतात, दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. कोरियनांची म्हण नेमकी उलटी आहे. देवमासे भांडतात आणि पाठ मोडते कोळंबीची.

१९४३ मध्ये कैरोत रूझवेल्ट, चर्चिल आणि चँग कै-शेक यांनी जाहीर केलं की कोरिया 'यथावकाश' स्वतंत्र होईल. सरकारी कागदावरच्या यथावकाशचा अर्थ आपल्यालाही चांगला ठाऊक आहे.

[दृश्य: १९४८. मतदानाच्या रांगा.]

१९४७ च्या अखेरीस प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे गेला. निवडणुकांवर देखरेख करायला जो आयोग आला, त्याचे अध्यक्ष होते आपले के. पी. एस. मेनन. सोव्हिएत संघानं आयोगाला उत्तरेत पाऊलच ठेवू दिलं नाही. मतदान फक्त दक्षिणेत झालं. १५ ऑगस्ट १९४८ रोजी दक्षिणेत एक प्रजासत्ताक उभं राहिलं, ९ सप्टेंबरला उत्तरेत दुसरं. दोन्ही म्हणत होती, सगळा कोरिया आमचा.

इथं सगळा दोष परक्यांवर ढकलून चालणार नाही. दक्षिणेचे सिंगमन री उत्तरेवर चाल करून जाण्याची भाषा उघड करत होते. उत्तरेचे किम इल-सुंग युद्धाला होकार मिळावा म्हणून स्टॅलिनच्या पाठीस लागले होते. होकार मिळाला, आणि २५ जून १९५० रोजी उत्तरेच्या रणगाड्यांनी रेषा ओलांडली.

तीन वर्षांत सोल चार वेळा हातांतून हातांत गेलं. दक्षिणेच्या बाजूनं संयुक्त राष्ट्र कमांडच्या नावानं अमेरिका उतरली, मग उत्तरेच्या बाजूनं चीन उतरला. अमेरिकी विमानांनी ६ लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. किमान वीस लाख माणसं गेली, त्यांत निम्म्याहून जास्त साधीसुधी. डिसेंबर १९५० मध्ये हुंगनाम बंदरातून 'मेरेडिथ व्हिक्टरी' या एका मालवाहू जहाजावर १४ हजार निर्वासित चढले. पुढं दक्षिणेचे राष्ट्राध्यक्ष झालेल्या मून जे-इन यांचे आईवडील त्या गर्दीत होते.

२७ जुलै १९५३ रोजी सीमेवरच्या पानमुनजोमला शस्त्रसंधीवर सह्या झाल्या. दहा-बारा मिनिटांचं काम. दोन्ही बाजूंचे जनरल एकमेकांशी अक्षरही न बोलता उठून गेले. दक्षिण कोरियानं सही केलीच नाही. तह आजतागायत झालेला नाही. नवी रेषा जरा तिरकी झाली. केसोंग शहर युद्धाआधी दक्षिणेत होतं, ते आता उत्तरेत गेलं. चार दिवसांत परत येऊ म्हणून तिथून निघालेल्यांना परतायला घरच उरलं नाही.

[दृश्य: तंबूंची रांग. तारांचं कुंपण. 'हिंद नगर' असा फलक.]

या कथेत एक मराठी माणूस येतो, आणि त्याच्यापाशी थोडं थांबायलाच हवं.

शस्त्रसंधी दोन वर्षं अडली होती ती मुख्यतः एका प्रश्नावर. ज्या युद्धकैद्यांना मायदेशी जायचं नाही, त्यांचं काय करायचं? शेवटी ठरलं की अशा कैद्यांना तटस्थ देशाच्या ताब्यात द्यावं. तो देश भारत. त्यासाठी नेमलेल्या तटस्थ देशांच्या आयोगाचे अध्यक्ष झाले भारताचे जनरल थिमय्या, आणि कैद्यांची राखण करणाऱ्या पाच-सहा हजार भारतीय जवानांचे प्रमुख झाले मेजर जनरल शंकरराव थोरात, कोल्हापूरजवळच्या वडगावचे.

नेहरूंच्या तटस्थतेवर सिंगमन री यांचा इतका राग होता की भारतीय जवानाचं पाऊल दक्षिणेच्या भूमीला लागता कामा नये, असं त्यांनी बजावलं. म्हणून इंचॉनच्या समुद्रातल्या जहाजावरून आपल्या जवानांना हेलिकॉप्टरनं उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरवण्यात आलं. तिथं त्यांनी छावणी उभारली आणि तिला नाव दिलं हिंद नगर.

ताब्यात आले २२ हजारांहून जास्त चिनी आणि उत्तर कोरियन कैदी, आणि दुसऱ्या बाजूचे ३५९. छावण्यांच्या आत टोळ्यांचं राज्य होतं. परत जायचंय असं जो पुटपुटेल, त्याच्या जिवाला धोका. सप्टेंबरमध्ये कैद्यांनी एका भारतीय मेजरला आत ओढून ओलीस धरलं. बाहेर सैन्य तयार होतं. थोरात मात्र मोजकी माणसं घेऊन, शस्त्राविना आत गेले. चहूकडून संतापलेले कैदी. त्यांनी बोलून, थोपवून, त्या मेजरला बाहेर आणलं. पुढच्याच काही दिवसांत मात्र भारतीय पहाऱ्याला गोळी चालवावी लागली आणि कैदी मेले, हेही सांगायलाच हवं.

प्रत्येक कैद्याला एका तंबूत नेत. तिथं त्याच्या देशाचा अधिकारी त्याला समजावी: चल, घरी चल. तंबूला बाहेर पडायला दोन दारं होती. एका दारानं गेलं की मायदेश. दुसऱ्यानं गेलं की पुन्हा छावणी, आणि पुढं बहुधा कायमचं दुसरीकडे. विशीतली पोरं ती. एका दारात आई, पण तिथं काय वाढून ठेवलंय ते ठाऊक नाही. दुसऱ्या दारात जीव वाचेल, पण आई पुन्हा दिसणार नाही.

८८ जण असे निघाले ज्यांनी दोन्ही कोरिया नाकारले, चीन आणि तैवानही नाकारले. १९५४ मध्ये ते आपल्या जवानांबरोबर जहाजानं मद्रासला उतरले. पुढं बहुतेक जण ब्राझील, अर्जेंटिनाला गेले. काही इथंच राहिले.

[दृश्य: स्टेपी. रेल्वेचे जुने डबे.]

कोरियन माणूस असाच महासत्तांच्या अंगणात विखुरला आहे. १९३७ मध्ये स्टॅलिननं अतिपूर्वेतल्या सुमारे पावणेदोन लाख कोरियनांना रेल्वेच्या डब्यांत कोंबून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन टाकलं. जपानशी तोंडवळा जुळतो, म्हणजे हेर असतील, एवढाच संशय. तिथं किमचीसाठी, म्हणजे कोरियन लोणच्यासाठी, कोबी मिळेना, म्हणून त्यांनी गाजराची किमची केली. आज ती ताश्कंदच्या बाजारात मिळते, घराघरांत खाल्ली जाते, आणि विकणारी आजी रशियन बोलते. चीनच्या यानब्यानमध्ये कोरियनांचा वेगळा स्वायत्त जिल्हा आहे. जपानमधून १९५९ पासून ९० हजारांहून अधिक माणसं 'स्वर्गात' म्हणून बोटीनं उत्तर कोरियाला गेली. त्यांतली फार थोडी परत आली.

[दृश्य: दूरचित्रवाणी केंद्राबाहेरची भिंत, कागदांनी झाकलेली.]

३० जून १९८३ च्या रात्री सोलच्या केबीएस वाहिनीनं युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी कार्यक्रम सुरू केला. दीड तासाचा. फोन थांबेनात. कार्यक्रम १३८ दिवस चालला, एकूण ४५३ तास. १० हजारांहून जास्त ताटातुटी जुळल्या. एकाच शहरात राहणारी भावंडं तीस वर्षांनी अंगावरच्या व्रणावरून एकमेकांना ओळखत होती. आणि हे सगळे दक्षिणेतच होते. रेषेपलीकडच्यांचं काय?

त्यांच्यासाठी २००० सालापासून भेटी सुरू झाल्या. दक्षिणेत १ लाख ३० हजारांहून अधिक लोकांनी नावं नोंदवली. दर खेपेला संगणकाच्या सोडतीतून निवडले जायचे जेमतेम शंभर. शेवटची भेट झाली ऑगस्ट २०१८ मध्ये, कुमगांग डोंगरात. नव्वदी पार केलेल्या आईसमोर सत्तरीतला मुलगा बसला होता. पळापळीत हात सुटला तेव्हा तो चार वर्षांचा होता. तीन दिवस, सगळं मिळून अकरा-बारा तास. मग बसच्या काचेवर आतून हात, बाहेरून हात.

त्याच महिन्यात दोन्ही कोरियांनी ठरवलं होतं, उत्तरेच्या रुळांची पाहणी करायला दक्षिणेतून एक गाडी सोडायची. संयुक्त राष्ट्र कमांडनं ती अडवली. पूर्वसूचना वेळेत आली नाही, असं कारण दिलं. उत्तरेवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांतून सूट मिळाल्यावर नोव्हेंबरअखेर गाडी गेली. पाहणी करून परत आली. रूळ तसेच राहिले.

[दृश्य: धुरळा. स्फोटाचं चित्रीकरण.]

आजची मांडणी अशी. दक्षिणेत सुमारे २८,५०० अमेरिकी सैनिक. युद्ध पेटलं तर दक्षिणेच्या फौजेचीही कमान अमेरिकी जनरलकडे. उत्तरेचा चीनशी १९६१ पासून संरक्षण करार, आणि जून २०२४ मध्ये रशियाशी नवा. त्या कराराच्या जोरावर उत्तर कोरियाची तरुण पोरं रशियातल्या कुर्स्कला युक्रेनविरुद्ध लढायला गेली, आणि मेलीही. ज्यांचं युक्रेनशी काही देणंघेणं नाही, अशा घरांत तिथून शवपेट्या आल्या.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. २०२३ च्या अखेरीस किम जोंग-उन यांनी सांगून टाकलं की दक्षिणेशी आता नातं नाही, ते एक शत्रुराष्ट्र आहे. प्याँगयाँगमधली एकीकरणाची कमान पाडली. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी दक्षिणेकडे येणारे रस्ते सुरुंगानं उडवले. आजवर रेषा परक्यांनी आखली म्हणून दोन्हीकडे रडायची सोय तरी होती.

[दृश्य: इमजिनगाक. चुसोक सणाची सकाळ.]

सीमेजवळच्या इमजिनगाकला एक दगडी वेदी आहे. सणाच्या दिवशी मूळची उत्तरेकडची माणसं इथं फळं मांडतात आणि गावाच्या दिशेनं वाकून नमस्कार करतात. दर वर्षी पाठी कमी होत चालल्या आहेत. नावं नोंदवलेल्यांपैकी बहुतेक आता हयात नाहीत.

जे आहेत, त्यांची बोलती पत्रं सोलच्या सरकारनं चित्रित करून ठेवली आहेत. त्यांत माणसं आपलं गाव सांगतात, आईबापाचं नाव सांगतात. पलीकडे पोचली ती अगदी मोजकी. त्यांच्या डीएनएचे नमुनेही घेतले आहेत. उद्या पलीकडून कुणी नातू आला आणि विचारलं, की माझे आजोबा तुमच्याकडे होते का, तर ताडून पाहता यावं, म्हणून.