इंजिन बंद पडलं तर

पहाटेचे साडेपाच. पुण्याच्या हडपसरमधलं दोन खोल्यांचं घर, आणि आत आमचा कॅमेरा. भिंतीवर सेस्ना १७२-एस या छोट्या विमानाच्या कॉकपिटचं पोस्टर, त्यासमोर प्लास्टिकच्या खुर्चीत ती बसलीय. उजवा हात हवेतच थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, पुढे ढकलतो. पाय फरशीवर रडरचे, म्हणजे शेपटीच्या सुकाणूचे, पेडल दाबतात. दारात आई चेकलिस्ट धरून उभी. आईने विमान आतून कधी पाहिलेलं नाही, पण लेकीने एक ओळ गाळली की लगेच म्हणते, “थांब गं, फ्युएल सिलेक्टर राहिला.”

परवा बारामतीला तिची स्किल टेस्ट आहे. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी लागणारे २०० तास भरलेत, लेखी पेपर सुटलेत. आता शेजारच्या सीटवर एक्झामिनर बसणार.

तोंडी प्रश्नांची तयारी इथलीच उदाहरणं घेऊन चालते. लोहगाव विमानतळ समुद्रसपाटीपासून १,९४२ फुटांवर. एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला, की तिथली हवा सुमारे ५,२०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. धावपट्टी जास्त लागते, विमान सावकाश चढतं. हे गणित ती बोटांवर करते.

पण तिची झोप उडवलीय ती फोर्स्ड लँडिंगने, म्हणजे इंजिन बंद पडल्यावर मिळेल तिथे उतरण्याने. एक्झामिनर न सांगता थ्रॉटल मागे ओढतात. आता समजायचं, इंजिन गेलं. आधी वेग ६८ नॉट. मग वारा, मग उतरायला जागा. वेळ उरला तर इंजिन का गेलं ते बघायचं, आणि मेडे, म्हणजे रेडिओवर मदतीची हाक. वारा नसेल, तर दर हजार फुटांमागे विमान जेमतेम पावणेतीन किलोमीटर तरंगतं. तेवढ्यात उतरायला रान, म्हणजे मोकळं शेत, निवडायचं असतं.

याच हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उडणारे ग्लायडर बघत ती मोठी झाली. त्यांना इंजिनच नसतं. प्रत्येक वेळी पहिल्याच प्रयत्नात उतरावं लागतं. तिला हे धाडस तेव्हापासून ठाऊक आहे.

रान ओळखायला मात्र तिला आबांनी शिकवलं. आबा इंदापूरकडचे शेतकरी. वरून काढलेले फोटो ती त्यांना मोबाइलवर पाठवते. एका फोटोत तिने सपाट, हिरवागार तुकडा निवडला होता. आबांचा फोन आला, “अगं, ऊस आहे तो, पुरुषभर उंच. त्यात नको बाई. शेजारी ज्वारी काढलेलं रान आहे बघ. नांगराच्या तासाच्या दिशेने उतर, आडवी जाऊ नको. आणि विहीर दिसली की मोटारीच्या तारा असणारच.” हे कुठल्या मॅन्युअलमध्ये इतकं नेमकं सापडलं असतं, असं आम्हाला वाटत नाही.

टेस्टची सकाळ. पंखाखालच्या झडपेतून ती पारदर्शक नळीत थोडं इंधन काढते आणि नळी उजेडात धरते. एव्हगॅस, म्हणजे हे विमानाचं पेट्रोल, निळसर असतं. पाण्याचा थेंब असलाच, तर तळाशी जाऊन बसतो, आणि तोच थेंब वर इंजिन बंद पाडू शकतो. ती नळी हलवते, पुन्हा बघते. तळ स्वच्छ आहे. घाई करत नाही, आणि आम्हाला ही तिची सर्वात मोठी तयारी वाटते.

कॅमेऱ्याला विमानात जागा नव्हती. आम्ही धावपट्टीच्या कडेला थांबलो. बऱ्याच वेळाने विमान उतरलं, पंखा थांबला. ती खाली उतरली आणि कुणाशी काही बोलायच्या आत तिने फोन लावला.

“आबा, ज्वारीचं रान मिळालं.”