हललं कोण?

मंडळी, एक डोळा मिटा. दुसऱ्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरूनच, बोटाने अगदी हलकं दाबा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आणि लेन्स घालणाऱ्यांनी करू नका, बाकीच्यांनी करा. व्यासपीठ हललं ना? त्याबरोबर मीही हललो असणार. आता बोट काढा आणि तोच डोळा नेहमीसारखा डावीकडून उजवीकडे फिरवा. या वेळी काहीच हललं नाही. खरं तर दुसऱ्या वेळी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, चित्र कितीतरी जास्त सरकलं. तरी जग जागच्या जागी राहिलं.

एकोणिसाव्या शतकात हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने याचा नीट विचार केला. डोळा फिरवायचा हुकूम मेंदूतून सुटला की तो हुकूम दृष्टीच्या हिशेबातही धरला जातो, असं त्याचं म्हणणं. तुम्ही म्हणाल, बोटाला हुकूम आम्हीच दिला होता की! दिला होता, पण डोळा हलवणाऱ्या यंत्रणेतून तो गेलेला नाही, म्हणून दृष्टी त्याला ओळखत नाही. हेल्महोल्ट्झचा मोठा आधार होता डोळ्याचा स्नायू लुळा पडलेल्या रुग्णांचा. असा रुग्ण त्या बाजूला बघायचा प्रयत्न करतो. डोळा हलत नाही, दृष्टिपटलावरचं चित्रही हलत नाही, आणि तरी त्याला जग उडी मारल्यासारखं दिसतं. घडलेलं काय, तर फक्त हुकूम सुटला.

यात पटण्यासारखं बरंच होतं, पण घट्ट पुरावा यायला 1950 उजाडलं, आणि तो आला एका माशीकडून. एरिक फॉन होल्स्ट आणि होर्स्ट मिटेलश्टेट या दोघांनी एरिस्टालिस नावाची माशी घेतली. फुलांवर दिसते, लांबून मधमाशीच वाटते. उभे काळे-पांढरे पट्टे रंगवलेल्या नळकांड्यात तिला ठेवलं. नळकांडं उजवीकडे फिरवलं की माशीही उजवीकडे वळते. जग सरकतंय म्हणजे आपणच भरकटतोय, असं धरून ती स्वतःला सावरते. इथवर सगळ्यांना माहीत होतं. पण नळकांडं स्थिर असताना माशी आपण होऊन डावीकडे वळली, तर तिच्या डोळ्यांपुढून पट्टे उजवीकडेच सरकणार. मग सावरण्याच्या सवयीने ती परत उजवीकडे खेचली जायला हवी. म्हणजे माशीला कधी वळताच येऊ नये! प्रत्यक्षात ती हवी तशी वळते.

तेव्हाचं सोपं उत्तर असं, की स्वतः हालचाल करताना माशी सावरण्याची क्रिया तेवढ्यापुरती बंद ठेवत असेल. हे तपासायला या दोघांनी जे केलं ते थोडं क्रूर आहे, पण बिनतोड आहे. माशीची मान बारीक असते. तिचं डोकं त्यांनी 180 अंशांत पिळून तसंच चिकटवलं. डावा डोळा उजवीकडे आला, उजवा डावीकडे. आता सावरण्याची क्रिया खरोखर बंद होत असेल, तर डोकं सुलटं असो की उलटं, माशी सरळ चालायला हवी. ती चालली नाही. एकदा वळायला लागली की गरागरा त्याच दिशेने फिरत राहिली. अंधारात मात्र तीच माशी व्यवस्थित चालत होती.

याचा अर्थ काय? सरकारी कचेरीतून पत्र बाहेर गेलं की त्याची स्थळप्रत फाईलला लागते, तसं पायांना आणि पंखांना हुकूम जातानाच त्याची एक प्रत दृष्टीच्या विभागाकडे जाते. ‘मी डावीकडे वळतेय, तेव्हा पट्टे उजवीकडे एवढे सरकतील.’ डोळ्यांकडून येणारी बातमी या अंदाजातून वजा होते. दोन्ही जुळले तर बाकी शून्य, आणि शून्य म्हणजे जग स्थिर. डोकं उलटं बसवल्यावर डोळ्यांची बातमी अंदाजाच्या बरोबर विरुद्ध यायला लागली, वजाबाकीची बेरीज झाली. माशीला वाटलं, जग आपल्यापुढे पळतंय. ती त्यामागे वळली, तसं ते आणखी पळालं. योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत रॉजर स्पेरी याने माशाचा डोळा खोबणीत उलटा फिरवून जवळजवळ तोच निष्कर्ष काढला. पुढे त्याला नोबेल मिळालं, पण ते वेगळ्या कामासाठी.

आता माणसाकडे वळू. आपण चालतो तेव्हा समोरचं दृश्य एका बिंदूपासून चहूकडे पसरत येतं. जेम्स गिब्सन हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी वैमानिकांच्या नजरेचा अभ्यास करत होता. धावपट्टीवर उतरताना आपण कुठे टेकणार हे वैमानिकाला कशावरून कळतं, हा त्याचा प्रश्न. ज्या बिंदूपासून सगळं बाहेर पसरतंय आणि जो स्वतः सरकत नाही, तिकडे विमान चाललंय. सुंदर उत्तर आहे. पण अडचण अशी, की माणूस क्वचितच नाकासमोर बघतो. रस्त्याने चालताना बाजूच्या झाडावर नजर खिळवली की डोळा हळूहळू वळत राहतो. त्या वळण्याने पसरणारं चित्र वाकडं होतं आणि तो न सरकणारा बिंदू भलत्याच जागी जातो. तरी आपण खांबाला धडकत नाही. (मोबाइलवाले सोडून!)

1992 साली रॉयडन, बँक्स आणि क्रोवेल यांनी पडद्यावर याची फोड केली. एका वेळी माणसाने खरोखर डोळा फिरवला. दुसऱ्या वेळी डोळा स्थिर, पण डोळा फिरल्यावर दिसेल तसंच चित्र पडद्यावर सरकवलं. दृष्टिपटलावर दोन्ही वेळा तेच. पहिल्या वेळी आपण कुठे चाललोय ते लोकांनी बरोबर सांगितलं. दुसऱ्या वेळी पडद्यावरच्या त्या नकली फिरण्याचा वेग वाढवला तसे ते चुकायला लागले, वळणावरून चाललोय असं त्यांना वाटलं. माशीची स्थळप्रत माणसातही निघाली, म्हणायला हरकत नाही.

मेंदूत हे कुठे चालतं? कानाच्या वर, थोडं मागे, गती ओळखणारा एक भाग आहे. म्युनिकमधली एक रुग्ण, शोधनिबंधात तिचा उल्लेख एल. एम. एवढाच आहे, मेंदूतल्या रक्ताच्या गुठळीने तिचा हा भाग दोन्ही बाजूंनी निकामी झाला. रंग दिसे, चेहरे ओळखू येत, पण गती दिसत नसे. कपात ओतलेला चहा तिला गोठल्यासारखा दिसायचा, त्यामुळे कधी थांबायचं ते कळायचं नाही. या भागाच्या शेजारच्या पट्ट्यात, डफी आणि वुर्ट्झ यांनी 1991 मध्ये माकडांवर दाखवल्याप्रमाणे, अख्खं दृश्य पसरलं, आक्रसलं किंवा फिरलं की उत्तर देणाऱ्या पेशी आहेत. स्वतःच्या हालचालीने जे दिसतं, नेमकं तेच. यातल्या पुष्कळ पेशी कानाचंही ऐकतात.

कानाचं, म्हणजे आवाज नव्हे. अंतर्कर्णात प्रत्येक बाजूला तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्या डोकं वळलेलं ओळखतात. शेजारी कॅल्शियमच्या बारीक खड्यांचं इंद्रिय असतं, ते सरळ रेषेतला वेग वाढला-कमी झाला की आणि डोकं कललं की कळवतं. पण वेग एकसारखा असेल तर हा कान गप्प असतो. फलाटावर उभ्या गाडीत बसलेलं असताना शेजारची गाडी सुटते आणि आपलीच सुटल्यासारखं वाटतं, त्यात याचा वाटा आहे. गाडी अलगद निघाली तर कान गप्पच, त्यामुळे त्याच्या गप्प राहण्यावरून मेंदूला ठरवता येत नाही. खिडकीभर दृश्य सरकतंय, आणि एरवी अख्खं दृश्य सरकतं ते आपण सरकल्यावरच. मेंदू त्याच बाजूने निकाल देतो. मला तर ही चूक फार शहाणपणाची वाटते. अर्न्स्ट माख याने अशा भासांवर 1875 मध्येच लिहून ठेवलंय.

अलीकडचं एक सांगून थांबतो. 2012 साली केलर आणि सहकाऱ्यांनी उंदराला चेंडूवर पळवलं, समोर पडद्यावर बोळ दाखवला. उंदीर पळेल त्या वेगाने बोळ मागे सरके. मध्येच क्षणभर चित्र थांबवलं. उंदीर पळतोय, चित्र ठप्प. तेव्हा मेंदूच्या दृष्टीच्या अगदी पहिल्याच भागातल्या काही पेशी एकदम पेटून उठल्या. समोर काहीही हलत नसताना! अंदाज आणि बातमी जुळत नाही, हीच त्यांची बातमी.

(श्रोत्यांतून प्रश्न: घाटात सगळ्यांना गाडी लागते, ड्रायव्हरला का लागत नाही?)

छान प्रश्न. गाडी लागते ती बहुधा याच न जुळण्याने. मागच्या सीटवर पुस्तक वाचणाऱ्याच्या कानाला प्रत्येक वळण कळतं, डोळ्यांपुढचं पान मात्र स्थिर. ड्रायव्हरला वळण आधी दिसतं आणि स्टिअरिंग त्याच्याच हातात असतं. रोल्निक आणि लुबो यांनी 1991 मध्ये दोघादोघांना एकाच फिरत्या यंत्रात बसवलं, एकाच्या हाती नियंत्रण दिलं. हालचाल दोघांची सारखी, त्रास दुसऱ्याला जास्त. म्हणून पुढे बसा, रस्त्याकडे बघा आणि मोबाइल खिशात ठेवा.

(प्रश्न: आणि कानात कापूस घातला तर?)

त्याने फक्त हॉर्न कमी ऐकू येईल. नलिका आत खोल हाडात आहेत. दोन्ही बाजूंचं हे इंद्रिय पूर्ण निकामी झालेल्यांना बोट लागत नाही की गाडी लागत नाही, हे खरं आहे. पण त्यांना अंधारात तोल सांभाळणं अवघड जातं, आणि चालता चालता दुकानाची पाटी वाचायची तर थांबावं लागतं.