ईडनचा ओल्ड टॉम

नमस्कार श्रोतेहो. सिडनीहून मेलबर्नला किनाऱ्याकिनाऱ्याने गाडीने निघालात, की साधारण निम्म्या वाटेवर ईडन लागतं. बहुतेक मंडळी इथे पेट्रोल भरतात, फिश अँड चिप्स खातात आणि पुढे सुटतात. पुढच्या खेपेला तासभर थांबा आणि तिथलं किलर व्हेल म्युझियम बघा.

आत एका ऑर्काचा, म्हणजेच किलर व्हेलचा, सांगाडा आहे, साडेसहा मीटरहून लांब. हा ओल्ड टॉम. १७ सप्टेंबर १९३० रोजी तो ईडनच्या ट्वोफोल्ड बे या उपसागरात मेलेला सापडला. त्याचे दात जवळून बघा. एका बाजूचे पार झिजलेत. होडीचा दोर तोंडात धरून ओढायचा म्हणून, असं गावात सांगतात.

या उपसागरात देवमाशांची शिकार १८२८ पासून चाले. पुढे डेव्हिडसन घराण्याच्या तीन पिढ्यांनी वल्ह्यांच्या होड्या आणि हातातले भाले घेऊन हा धंदा केला. हिवाळ्यात ऑर्का देवमाशाला घेरून उपसागरात हाकत आणायचे. मग त्यांच्यातला एखादा किया नदीच्या मुखाशी येऊन पाण्यावर शेपटी आपटायचा. मध्यरात्र असो की पहाट, माणसं उठून वल्ही मारायला धावायची. देवमासा मेला, की त्याला नांगर बांधून ती घरी परतत. ऑर्का फक्त जीभ आणि ओठ खायचे. एक-दोन दिवसांत धूड फुगून वर आलं, की ते ओढून न्यायचं आणि चरबी कढवून तेल काढायचं. या वाटणीला लोक ‘जिभेचा कायदा’ म्हणत. देवमाशाला कुणी विचारलं नव्हतं, ती गोष्ट वेगळी!

ही कथा बहुधा डेव्हिडसनांच्या नावावर सांगितली जाते, आणि ते मला खटकतं. त्यांच्या होड्यांवरचे कितीतरी जण इथल्या मूळ थावा लोकांपैकी होते. मेलेली आपली माणसं ऑर्का होऊन परत येतात, अशी त्यांची श्रद्धा. ऑर्कांशी नातं त्यांचं होतं. गोरे त्यात मागाहून सामील झाले.

पुढे तोफेने भाले डागणारी यांत्रिक जहाजं आली आणि १९६०च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर हंपबॅक जातीचे देवमासे जेमतेम काही शे उरले. १९६३ मध्ये त्यांची शिकार थांबली. आज ते हजारोंनी आहेत; २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांना धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीतून काढलंसुद्धा. ओल्ड टॉमचा वंश मात्र बहुधा संपला. २०२३ मध्ये त्याचा डीएनए तपासला, तेव्हा आजच्या ऑर्कांमध्ये त्याचं जवळचं कुणी सापडलं नाही. सावज परत आलं, शिकारी नाही.

जायचंच तर सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये जा. तेव्हा हंपबॅक पिल्लांसह दक्षिणेकडे परतत असतात आणि ईडनजवळ चरायला थांबतात. होडीने शंभर मीटर लांब राहायचं, पिल्लू असेल तर तीनशे, असा नियम आहे. दुर्बीण न्या. आणि उलटीची गोळी होडीत बसण्याआधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही.