चूर्णाची बाटली नंतर, आधी पायाखाली पाट: घरातल्या ज्येष्ठांची बद्धकोष्ठता

नमस्कार मंडळी! "आजही पोट साफ नाही झालं गं," हे ज्या घरात रोज सकाळी ऐकू येतं, त्या घरासाठी आजचा व्हिडिओ.

आधी एक धास्ती काढून टाकू. संडासला रोज झालंच पाहिजे, असं काही नाही. दिवसातून 3 वेळा ते आठवड्यातून 3 वेळा, सगळं नॉर्मल. पण खडा होतोय, कुंथावं लागतंय, अर्धवट राहिल्यासारखं वाटतंय, तर ती बद्धकोष्ठता.

आता आजींचं ताट बघा. कवळी आली की भाकरी सुटते, पेरू सुटतो, मटकीची उसळ सुटते. उरतो मऊ भात आणि चहा-बिस्कीट. शिवाय रात्री लघवीला उठायला नको म्हणून संध्याकाळपासून पाणी बंद! मळ आतड्यात रेंगाळतो, आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं आणि तो कडक होतो. म्हणून भाकरी आमटीत कुस्करून द्या, पालेभाजी घोटून द्या, पिकलेली पपई द्या. पाणी दिवसा पाजा.

काही खाल्लं की मोठं आतडं हलायला लागतं, आणि सकाळी जास्त. त्यामुळे नाश्ता झाला की थोड्या वेळाने निवांत बसू द्या. बाहेरून दार वाजवू नका. कळ आली की "थांबा जरा" म्हणू नका.

आणि बैठक! याकडे कोणाचंच लक्ष नसतं. गुडघे दुखतात म्हणून आपण कमोड बसवतो, पण त्यावर आजींचे पाय लोंबकळतात. गुदाशयाला मागून वळसा घालून एक स्नायू असतो, तो तिथे बाक धरून ठेवतो. उकिडवं बसलं की तो सैल पडतो, वाट सरळ होते. म्हणून कमोडपुढे जाड पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा. गुडघे कमरेपेक्षा वर, कोपरं मांड्यांवर, अंग जरा पुढे. पाट घसरणारा नको, आणि उठण्याआधी तो बाजूला सरकवा. खुब्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

इसबगोल चालतं, पण भरपूर पाण्यासोबतच. कालवलं की लगेच प्यायचं, वर आणखी पाणी. कमी पाण्यात ते घशात अडकू शकतं. गिळायला त्रास असेल तर देऊच नका. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून असेल, तर डॉक्टरांना विचारूनच.

बऱ्याच चूर्णांत सोनामुखी, म्हणजे पोट साफ करणारी रेचक वनस्पती, असते. अधूनमधून ठीक, पण सल्ल्याशिवाय महिनोन्‌महिने नको. लोह, कॅल्शियम, बीपीच्या काही गोळ्या, तीव्र वेदनाशामकं यांनीही पोट जड होतं. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना यादी दाखवा.

एक गोष्ट नीट ऐका. बरेच दिवस काही नाही, आणि अचानक पातळ होऊन कपडे खराब होतात. घरचे जुलाब थांबवायची गोळी देतात. पण आत खडा अडकलेला असू शकतो आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत असतो! गोळी देऊ नका, आधी तपासून घ्या.

शौचातून रक्त जाणं, वजन उतरणं, पन्नाशीनंतर सवय अचानक बदलणं, यात घरगुती उपाय करत बसू नका. पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारासुद्धा सरत नाही, तर मध्यरात्र असली तरी हॉस्पिटल गाठा.