विषाणूच्या शेपटीतली चार अमिनो आम्लं

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी. १९८७ साली इथे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या खेड्यापाड्यांतून नोंदी गोळा होऊ लागल्या. बायकांच्या नोंदींत तेव्हा एकच आजार सगळ्यांच्या पुढे होता, गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर.

त्याच्या मुळाशी असतो एचपीव्ही हा विषाणू. डीएनए जेमतेम आठ हजार अक्षरांचा. एवढ्याशा भांडवलावर तो पेशीचा कारभार कसा काय ताब्यात घेतो?

त्याचं ई-६ हे प्रथिन बघा. दीडशेच्या आसपास अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या घटकांची, साखळी. एचपीव्ही-१६ या कॅन्सर घडवणाऱ्या प्रकारात तिची शेवटची चार म्हणजे ग्लुटामिक आम्ल, थ्रिओनिन, ग्लुटामिन आणि ल्युसिन.

आपल्या पेशींतल्या कितीतरी प्रथिनांत पीडीझेड नावाचा भाग असतो. नव्वदेक अमिनो आम्लांची घट्ट घडी आणि तिच्या अंगाला लांबट खोबण. ई-६ची शेपटी याच खोबणीत बसते. टोकाच्या ल्युसिनला पाणी सोसत नाही, त्याची तेलकट बाजू आतल्या खळगीत शिरते. साखळीच्या टोकावर ऋणभार असतो; खोबणीच्या तोंडाशी असलेलं वळण त्याला हायड्रोजन बंधांनी धरून ठेवतं. टोकाकडून तिसरं थ्रिओनिन, ते खोबणीतल्या समोरच्या हिस्टिडिन या अमिनो आम्लाशी जुळतं. ओळख पटायला एवढं पुरतं.

पकड तशी सैलच. बसते, सुटते, पुन्हा बसते. पेशीची स्वतःची प्रथिनंही अशाच शेपट्यांनी एकमेकांना ओळखतात, कारण त्यांना झटकन जुळून झटकन मोकळं व्हायचं असतं. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की विषाणूने नेमकी तीच खूण उचलली.

यात बळी जातात डीएलजी आणि स्क्रिबल ही पीडीझेड असलेली प्रथिनं. अस्तरातल्या पेशीला वरची बाजू कुठली, खालची कुठली, हे या प्रथिनांमुळे ठरतं. ई-६ पेशीचंच एक एन्झाइम सोबत आणतं, त्याच्याकरवी यांच्यावर विल्हेवाटीची खूण लावतं आणि ती मोडीत निघतात. नुसत्या या शेपटीने कॅन्सर होतो असं नाही. पी-५३ या रखवालदार प्रथिनाचाही ई-६ काटा काढतं. पण नुसत्या चामखिळी उठवणाऱ्या, कॅन्सरचा धोका कमी असलेल्या एचपीव्ही-६ आणि ११ या प्रकारांच्या ई-६ला ही शेपटीच नसते.

एचपीव्हीचे धोक्याचे प्रकार वेळीच हेरता यावेत म्हणून शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,००० हून अधिक बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं कॅन्सर रुग्णालय त्यात होतं. २००९ साली निष्कर्ष आले. ज्या गटात एचपीव्ही चाचणी एकदाच झाली होती, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते.